चला मयताला

"मान हलवू नकोस, भांग वाकडा होईल," असं म्हणत मिझेबीने भाचीच्या डोक्यात टपली मारली.

झुवेना अंगणात मावशीच्या दोन गुडघ्यांमध्ये बसली होती. ईदेला मावशीनेच घातलेल्या जाडजूड, खोट्या केसांच्या वेण्या उसवून शेजारी पडल्या होत्या. दिसायला झकास, पण पाण्याखाली दगाबाज. कानशिलावरचे केस पाणबुड्याच्या चष्म्याच्या रबराखाली अडकत आणि तेवढ्या फटीतून समुद्र आत घुसे. दोनदा असंच झालं होतं. बुडी मारायला शिकवणाऱ्या मकामे मास्तरांनी काल साफ सांगितलं होतं, आज पुन्हा चष्म्यात पाणी भरलं तर पाहुण्यांना प्रवाळ दाखवायला खाली नेण्याचं काम दुसऱ्या कुणाला तरी.

"थोडं तेल लाव की गं मावशी. खाऱ्या पाण्याने केसांचा पार काथ्या होतो."

"शेंड्यांना लावलंय. कपाळाशी लावलं तर चष्मा घसरेल तुझा."

"आणि वरून गोडं पाणी ओत. मास्तर म्हणतात, आधी गोडं पाणी मुरलं की खारं कमी मुरतं."

"मास्तरांना टक्कल आहे," मिझेबी म्हणाली. पण तांब्या तिने ओतला. "आता वेणी कुठली घालू?"

"टोपीखाली सपाट बसेल अशी. आणि आटप लवकर, होडी सुटेल."

मिझेबीचे हात थांबले. कपाळापासून थेट मानेपर्यंत जाणारी, डोक्याला चिकटून बसणारी, झटपट होणारी वेणी गावात एकच होती. कुणी गेल्याचा सांगावा येतो, नटायला सवड नसते, तेव्हा बायका ती घालून निघतात. तिचं नावच 'चला मयताला'.

"दुसरी घालते एखादी."

"दुसरी कुठली बसते, सांग तूच."

दुसरी नव्हती. गावभरच्या बायकांची डोकी मिझेबीच्या हाताखालून गेलेली. तिला ठाऊक नसेल तर कुणाला? तिने कंगवा दातांत धरला आणि वेण्या घालायला घेतल्या. घालता घालता डोळ्यांना धार लागली, ती पुसायला हात मोकळे नव्हते.

झावळ्यांच्या कुंपणापलीकडे शेजारची किदावा थबकलेली तिला दिसली. किदावाने वेण्या पाहिल्या, मिझेबीचे डोळे पाहिले, तोंडावर हात ठेवला आणि आल्या पावली परत फिरली. हाक मारावी, तर कंगवा दातांत.

झुवेना डोक्यावर ओढणी घेऊन किनाऱ्याकडे पळाली. मिझेबीने चूल पेटवली, पण काय शिजवायचं ते तिला सुचेना.

ऊन वर चढलं तशा बायका येऊ लागल्या. कुणाच्या काखेत चटई, कुणाच्या डोक्यावर तांदूळ, कुणाकडे नारळ. एकेक जण मिझेबीचा हात हातात घेई, पुटपुटे, आणि चटई अंथरून बसे.

मिझेबीला सगळं उमगलं. 'कुणी गेलेलं नाही, घरी जा,' एवढंच तर सांगायचं होतं. तिने तोंडही उघडलं. पण हेच शब्द ती याच अंगणात पूर्वी एकदा बोलली होती. तिचा नवरा हवेची नळी तोंडात धरून समुद्रकाकड्या, ते तळावरचे लिबलिबीत जीव, काढायला उतरला होता, काहीबाही ऐकून बायका धावत आल्या होत्या, आणि तिने त्यांना हसून घालवून दिलं होतं. संध्याकाळी होडी आली ती त्याच्याशिवाय. आता पोरगी पाण्याखाली होती. ती वर येईपर्यंत ते शब्द पुन्हा उच्चारायची मिझेबीची छाती होईना.

"बसा," ती म्हणाली आणि स्वतःही बसली.

मयताच्या दारात फार विचारू नये, अशी रीत. त्यामुळे विचारणार कोण?

"गेलं कोण पण?" मागच्या चटईवर कुजबुज झाली.

"मला काय ठाऊक? किदावाला विचार."

"मी वेणी पाहिली फक्त," किदावा म्हणाली. "नाव कसं विचारू?"

एका म्हातारीने सवयीने गळा काढला. मग बाकीच्यांनाही गप्प बसवेना. आपापली मेलेली माणसं प्रत्येकीला होतीच. मिझेबीचे कान मात्र वाटेकडे होते. ती इतकी घाबरली होती, की तिला रडूही येईना.

दुपार कलल्यावर कुंपणाचं दार धाडकन उघडलं.

"मावशी! एक थेंब आला नाही चष्म्यात!" झुवेना ओरडली, आणि बायका पाहून जागीच थिजली. "कोण गेलं?"

"तेच तर आम्ही सकाळपासून विचारतोय!" किदावा म्हणाली.

मिझेबी उठली. भाचीच्या वेण्यांवरून तिने दोन्ही हात फिरवले. वेण्या मिठाने खरबरीत झाल्या होत्या.

"केस गोड्या पाण्याने धुतलेस का?"

"घरी आल्यावर धुणार होते."

"मग धू ना, भवाने!" असं म्हणून मिझेबी भाचीच्या ओल्या खांद्यावर तोंड ठेवून ढसाढसा रडली. खूप वेळाने वळून बायकांना म्हणाली, "कुणी नाही गेलं गं. कुणी नाही."

मग हशा, शिव्या, सगळं एकदमच उसळलं. "माझा नारळ फुकट फोडला की गं!" म्हातारी कुरकुरली.

"फुकट कशाला? भात टाका," किदावा म्हणाली. "पोरीला काम लागलंय. लागलं ना गं?"

"लागलं," झुवेना हसली. "उद्यापासून रोज."

जेवणं उरकली. दिवस उतरला तशा बायका चटया गुंडाळायला लागल्या. मिझेबीने किदावाचा हात धरला.

"चटया राहू द्या," ती म्हणाली. "उद्या ती परत पाण्यात उतरणार आहे."