घोड्याच्या खुरापाशी

"अंकल, भिंती एकदम नव्यासारख्या केल्यात," अनीश म्हणाला. "एक ओरखडासुद्धा ठेवलेला नाही!"

कॅप्टन स्टेलिओसनी आयपॅड दोन्ही हातांत धरला. बुकित तिमाहच्या त्या काँडोत ते सुचित्राच्या शेजारी एकटेच राहत. वय एकोणनव्वद. डॉक्टर आता विमानात बसू देत नव्हते. म्हणून सुचित्राचा भाचा अनीश ग्रीसला निघाला, तेव्हा त्यांनी त्याला नॅक्सोस बेटावरच्या आपल्या गावाची वाट कागदावर काढून दिली होती. ऑलिव्हची बाग, कोरडा ओढा, टेकडीवर बायझंटाइन काळातलं इवलंसं चर्च. किल्ली कॉफीच्या दुकानात मागायची.

अनीश भर उन्हात टेकडी चढला होता आणि एकेका भित्तिचित्राचा फोटो घेऊन आला होता. सुचित्राने त्या आनंदात शिराही केला होता.

"संत जॉर्ज," कॅप्टन म्हणाले. "घोडा. खुरापाशी मोठं कर."

अनीशने दोन बोटांनी फोटो मोठा केला. खुराखाली गुळगुळीत तांबूस रंग होता.

"अजून."

रंगाचे नुसते ठिपके दिसू लागले.

"काय शोधताय, कॅप्टन?" सुचित्राने विचारलं.

"तीन रेघा. आईने केसातल्या आकड्याने ओढलेल्या. पाद्री रागावायचा, म्हणून इतक्या खाली. मेणबत्ती माझ्या हातात होती. महायुद्धातल्या उपासमारीत माझी तीन भावंडं गेली. पुरलं कुठे, ते कुणी लिहून ठेवलं नाही. फोटो तर नव्हतेच."

अनीशचा चेहरा उतरला. त्याने घाईघाईने बॅगेतून चर्चमध्ये मिळालेली पुस्तिका काढली. तीत दुरुस्तीच्या आधीचाही एक फोटो होता. काळवंडलेला, जागोजागी खरवडलेला संत जॉर्ज. फोटो घोड्याच्या गुडघ्यांपाशी संपत होता.

"आपण दुरुस्ती करणाऱ्यांना पत्र लिहू या," सुचित्रा म्हणाली. "त्यांच्याकडे आणखी फोटो असतील."

"मी विचारलं होतं, मावशी," अनीश हळूच म्हणाला. "आधीचे तेवढेच आहेत म्हणाले. चेहऱ्यांचेच काढले होते."

कॅप्टननी पुस्तिका मिटली आणि टीपॉयवर नीट ठेवली. "चांगलं काम केलंय त्यांनी," ते म्हणाले. "भिंत घाण झाली होती."

सुचित्राला काहीतरी करावंसं वाटत होतं. काय, ते सुचत नव्हतं. तिने फोनपाशी पडलेली वही ओढली, पेनचं टोपण काढलं.

"मला नावं सांगा, कॅप्टन. मी लिहून ठेवते. अनीशही लिहून ठेवेल."

"इरिनी," ते म्हणाले. "सात वर्षांची."

तिने लिहिलं.

"मानोलिस. तीन."

तेही लिहिलं. खाली तिसरा आकडा घालून ती थांबली. कॅप्टन खिडकीकडे पाहत होते. खाली स्विमिंग पूलमध्ये पोरं ओरडत होती.

"आणि तिसरं?"

"आमच्यात नाव बाप्तिस्म्याला ठेवतात," ते म्हणाले. "ती त्याच्या आधीच गेली. तिची फक्त रेघ होती."