अमानत

उसाच्या नोंदीसाठी गावोगाव फिरायला साखर कारखान्यानं लिंबाजीला मोटारसायकल दिली. लिंबाजीनं दसऱ्याला तिला झेंडूचा हार घातला, बायकोच्या, पार्वतीबाईच्या, जुन्या लुगड्यात झाकून ओसरीत उभी केली, अन् तीन वर्षं गंगाखेडच्या भोवतालची गावं आपल्या खटारा सायकलीवरच पालथी घातली. "दुसऱ्याची अमानत हाय, झिजवायची कशाला?" म्हणायचा. त्याच्या जोडीचा चंद्रभान मात्र कारखान्याच्या गाडीवर दर आठवड्याला पाथरीची सासुरवाडी गाठायचा.

पुढं कारखान्यानं दोन विभागांचा एक केला. दोघांतला एकच माणूस राहणार होता. हेडक्लार्क माधवराव गाड्या तपासायला आले, तसं लिंबाजीनं ऐटीत लुगडं ओढलं.

"बघा सायेब, दिली तशी कोरी हाय!"

माधवरावांनी मीटरचा आकडा उतरून घेतला अन् मान हलवली. लिंबाजीला ती शाबासकी वाटली.

नोकरीवरून कमी केल्याचं पत्र आलं, तेव्हा पार्वतीबाई एकटीच घरी होती. लिंबाजी सायकल दामटत चार कोसांवरच्या उसात गेला होता.



पत्रात कारण एका ओळीचं होतं : "मीटर पाहता, सदर कर्मचारी फिरतीवर जात नाही."