अडकलेला लाल

धाकटीला मुलगा झाला त्या वर्षीची गोष्ट. बाळाला घेऊन ती माहेरी आली होती. सकाळी अंगणात येऊन बघते तर आई पिशवी घेऊन फाटकापाशी उभी. फाटक उघडंच होतं. शेजारी खांबावर सिग्नलचा लाल दिवा जळत होता.

खांब बिडाचा, जुना. वडिलांनी भंगारातून आणलेला. चौकात होता तेव्हा आधीचा रंग खरवडायचा रंगाऱ्यांना कंटाळा, म्हणून वर्षानुवर्षं रंगावर रंग चढवलेला. वडिलांनी तो थराथराने उतरवला तेव्हा खाली कारखान्याची उठावाची अक्षरं निघाली. सगळा जन्म चौकाचौकातले सिग्नल दुरुस्त करण्यात गेला होता, म्हणून गल्लीत त्यांना सिग्नलमास्तर म्हणत. आता शेडमध्ये मोडीत निघालेले सिग्नल होते आणि भिंतीला जुने पत्र्याचे फलक: पुढे वळण, पुढे शाळा, पुढे अरुंद पूल.

"कधीपासून उभी आहे ही?" धाकटीने विचारलं.

"चहा झाल्यापासून." मास्तर स्टुलावर बसून एक पिवळी काच फडक्याने पुसत होते.

"आणि हा हिरवा कधी होतो?"

"होत नाही. दिवे बदलणाऱ्या मोटारीची वायर काढून ठेवलीय."

"बाबा!"

"मागे बाजाराच्या चौकात सापडली, अनवाणी. फाटकाला कुलूप घातलं तर गज धरून ओरडते. लाल दिसला की मात्र थांबते. जन्मात कधी लाल ओलांडला नाही तिने."

"माहितेय. रस्त्यात चिटपाखरू नसायचं तरी आम्ही थांबायचो. रोज शाळेत उशीर." धाकटीला हसू आलं आणि तिथेच विरलं. "पण ही फसवणूक आहे, बाबा."

"आहेच. तुला दुसरं काही सुचत असेल तर सांग."

धाकटीने बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

तेवढ्यात आई वळली. "अहो दादा," ती नवऱ्याला म्हणाली, "हा सिग्नल बिघडलाय हो. केव्हाची उभी आहे मी. मुलगी शाळेतून यायची वेळ झाली."

धाकटी खाली बघू लागली.

"होईल हो हिरवा. जरा दम धरा," मास्तर म्हणाले. अलीकडे ते तिला अहोजाहो करत. अगंतुगं केलं की ती घाबरायची.

"कसला होतोय! तुम्हाला यातलं काय कळणार? आमचे हे सिग्नलच दुरुस्त करतात. ते सांगतात, लाल अडकला की माणसं आधी हॉर्न वाजवतात, मग शिव्या घालतात आणि मग सरळ निघून जातात. त्यांच्या हातचा सिग्नल असा कधी अडकत नाही."

तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि लाल दिव्याखाली एक पाऊल पुढे टाकलं.

मास्तर ताडकन उठले. मांडीवरची काच फरशीवर पडून फुटली. तशी काच मिळवायला त्यांनी सगळे भंगारवाले पालथे घातले होते. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"थांबा, थांबा! एवढं एक मिनिट. तुमच्या ह्यांनीच पाठवलंय मला."

ती थांबली. "मग आधी नाही का सांगायचं?"

मास्तरांनी खांबावरची पेटी उघडली. वायर दोनदा निसटली, मग बसली. पेटीत टकटक सुरू झाली. लाल गेला, हिरवा आला.

"बघा," ती म्हणाली. "ह्यांचं नाव काढलं आणि झाला."

"हात द्या."

तिने हात दिला. दोघं गल्ली ओलांडून समोरच्या भिंतीपाशी गेली. तिथून सिग्नलची नुसती पाठ दिसत होती.

"इकडून काही कळत नाही हो."

"मी सांगतो ना." मास्तर कान देऊन पेटीतली टकटक ऐकत राहिले. मग म्हणाले, "चला."

आणि ती निमूट त्यांच्याबरोबर परत आली.

त्या दिवसापासून रोज तसंच. हिरवा लागला की दोघं पलीकडे, मास्तर म्हणाले की अलीकडे.

सिग्नल अजून चालू आहे. धाकटी आता इथेच राहते. सकाळी आई पिशवी घेऊन फाटकापाशी जाते. लाल जातो, हिरवा लागतो. धाकटी हात पुढे करते. "चल, आई."

आई हलत नाही. "तुम्ही व्हा पुढे. ते दादा येऊ देत. आमच्या ह्यांनी पाठवलंय त्यांना."

हिरवा जातो, पुन्हा लाल लागतो.

बाळाला पहिला दात आला त्या आठवड्यात मास्तर गेले.