हातगुण

सकाळपासून उल्का अँथुरियमच्या कुंड्यांपाशी खेपा घालत होती. पानांच्या कडा पुन्हा करपल्या होत्या. तसलीच रोपं सासूबाईंनी मातीत लावली होती, ती फुलली होती. उल्काने मातीऐवजी नारळाच्या काथ्याचा भुसा भरला होता.

“झाडाला हातगुण लागतो,” सासूबाई जाताजाता म्हणाल्या. लग्नाला सात वर्षं होऊनही घरात पाळणा हलला नव्हता. बोलणं कशाबद्दल आहे, हे उल्काला विचारावं लागलं नाही.

चिडून तिने मूठभर भुसा पिळला आणि ओघळलेलं पाणी जिभेला लावलं. खारट लागलं. खाडीच्या खाऱ्या पाण्यात कुजवलेल्या सोडणांचा, म्हणजे नारळाच्या सालींचा, भुसा तिने न धुताच भरला होता; त्या मिठानेच पानं करपत होती. तिने ओंजळ सासूबाईंपुढे धरली. त्यांनीही चाखून पाहिलं.

“मग धुवायला नको का?” एवढंच म्हणून त्यांनी नळ सोडला.

गोडं पाणी निथळेपर्यंत दोघींनी भुसा धुतला. नवं रोप लावण्याआधी मात्र उल्काने भुसा पुन्हा एकदा पिळून चाखला. हेही करपलं, तर आता खाऱ्या पाण्याची सबब उरली नव्हती.