संध्याकाळी सातचा व्हिडिओ

२१ फेब्रुवारी, शुक्रवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटे. जुन्या सर्व्हरवरून नव्या डिस्कवर ८२७ व्हिडिओ उतरले होते. एकही गहाळ नव्हता. बत्तीस वर्षे कारखान्यातली मापयंत्रे तपासून निवृत्त झालेल्या त्या तंत्रज्ञाने तरीही मोजणी पुन्हा एकदा केली.

"भावोजी, आकडा काय पिल्लं घालणार आहे का?" मेहुणा म्हणाला. त्याचे संगणक दुरुस्तीचे दुकान होते, आणि आज ते बंद ठेवून तो मदतीला आला होता.

"आज चूक परवडणार नाही."

"म्हणूनच विचारतोय. आजच कशाला हा घाट घातलात?"

"काल सातला पाच कमी असताना जुन्या यंत्राने मान टाकली. कसंबसं उठवलं. आता त्याचा भरवसा नाही."

तंत्रज्ञाचा मुलगा मालवाहू जहाजावर नोकरीला होता. समुद्रातून फोन धड लागत नसे, म्हणून तो व्हिडिओ साठवून ठेवी आणि बंदर आले की एकदम पाठवी. रोज संध्याकाळी सातला त्यातला एक बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीवर बघायचा, हा त्याच्या आईचा नेम. दोन वर्षांपूर्वी ती मेंदूच्या झटक्याने रुग्णालयात असताना जहाजावर अपघात झाला, आणि मुलगा गेला. "यांची स्मरणशक्ती विस्कळीत झाली आहे," डॉक्टर म्हणाले होते. "इतक्यात मोठा धक्का सोसणार नाही." तेव्हापासून बाप जुनेच व्हिडिओ आलटूनपालटून लावत होता. तिच्या लेखी मुलगा अजून समुद्रावर होता. खरे काय ते घरात बाप आणि मेहुणा या दोघांनाच ठाऊक होते.

लिनक्स या संगणक प्रणालीवर त्याने स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम आता हे काम आपोआप करणार होता. थंडीतले व्हिडिओ थंडीत, उन्हाळ्यातले उन्हाळ्यात, वाढदिवसाचे बाजूला, एकदा दाखवलेला वर्षभर पुन्हा नाही.

"नेट जोडून टाका," मेहुणा म्हणाला. "वेळ-बीळ, अपडेट, सगळं आपोआप जुळतं."

"नेट नको." एकदा जुन्या यंत्रावर, भर टीव्हीच्या पडद्यावर, मुलाच्या मित्राचा सांत्वनाचा संदेश झळकला होता. ती तेव्हा सुदैवाने स्वयंपाकघरात होती. त्या दिवसापासून या यंत्राला बाहेरचे वारे लागू द्यायचे नाही, हे त्याने ठरवून टाकले होते.

इतक्यात ती चहा घेऊन दारात आली.

"अहो, काय शोधताय?"

"चष्मा."

"कपाळावर आहे. आणि सकाळची रक्तदाबाची गोळी राहिलीय तुमची." तिने भावाकडे पाहिले. "तुझ्या चहात साखर अर्धा चमचा. गेल्या महिन्यापासून कमी केलीस ना?"

"ताई, तू दुकानात येऊन बस. मला गिऱ्हाइकांची नावं आठवत नाहीत."

"पगार परवडणार नाही तुला." तारांच्या गुंत्याकडे पाहत ती क्षणभर थांबली. "सातपर्यंत होईल ना हो? नाही झालं, तर राहू दे एक दिवस."

"होईल," तो घाईने म्हणाला.

ती गेल्यावर मेहुण्याने आवाज खाली आणला. "हिला सगळं लक्षात राहतं, भावोजी."

"बारीकसारीक राहतं. मोठं निसटतं."

"विचारून बघितलंत कधी?"

त्याने पेचकस उचलला आणि उगाचच एक घट्ट असलेला स्क्रू आवळला.

चार वाजता, ती शेजारी गेलेली पाहून, त्यांनी एक व्हिडिओ हाताने लावून बघितला. टीव्हीकडे मेहुण्याने पाहिले. तो स्वतः जमिनीकडे बघत राहिला; त्या चेहऱ्याकडे पाहण्याचा धीर दोन वर्षांत त्याला झाला नव्हता. चित्र आले, आवाज आला. मग दाखवलेले व्हिडिओ मोजणारा काउंटर त्याने शून्यावर आणला. चाचणी संपली की काटा शून्यावर, ही कारखान्यातली शिस्त.

सातला दहा कमी असताना त्याने आतल्या खोलीचे दार लोटून घेतले. तो रोज इथेच बसे. झटक्यानंतर तिला ऐकू कमी येई, म्हणून ती हेडफोन लावी. त्यामुळे मुलाचा आवाज आत येत नसे, फक्त तिचा येई. तीही बोले, जणू पोरगा समोर बसला आहे. तिचा एकही प्रश्न उत्तरावाचून कधी अडकला नव्हता, आणि नीट निवडलेल्या व्हिडिओंचा हा गुण, असे तो मनाशी म्हणत असे.

त्याने मनगटी घड्याळ डोळ्यांजवळ धरले. सहा एकोणसाठ. सात. बाहेर शांतता होती. मेहुणा उठू लागला. बापाने त्याचा दंड पकडला.

सात वाजून एक मिनिट.

"बोल रे राजा," बाहेरून तिचा आवाज आला.

त्याने मेहुण्याचा दंड सोडला.

"हो, घेतली गोळी," ती म्हणत होती. मग बराच वेळ काही नाही. मग हसू. "तुझे बाबा? आहेत की. दिवसभर तारांमध्ये डोकं घालून बसलेत."

मेहुण्याने त्याच्या पाठीवर थाप मारली. "जिंकलात, मीटरसाहेब!"

सव्वासातला तिने दार ढकलले.

"झालं?" त्याने विचारले. "काय म्हणाला?"

"निळा शर्ट होता आज. म्हणाला, बाबांना म्हणावं, वेळेवर जेवत जा. स्वतःला फार त्रास करून घेऊ नका." ती त्याच्याकडे पाहत राहिली, नेहमीपेक्षा थोडी जास्त. "चला, ताटं वाढते."

निळ्या शर्टाचा कोणता बरे हा? तिची पावले स्वयंपाकघराकडे गेल्यावर त्याने मॉनिटर सुरू केला. कोपऱ्यातले घड्याळ २२ फेब्रुवारी, रात्रीचे पाऊण दाखवत होते. नव्या यंत्राने जुन्याकडून तारीख-वेळ घेताना कित्येक तास पुढे उडी मारली होती. आजचे सात यंत्राच्या हिशेबी प्रोग्रॅम बसवण्याआधीच वाजून गेले होते.

त्याखाली काउंटर होता. दाखवलेले व्हिडिओ : ०.