फुगलेला गाल

"बाबा, सारखा हात लावू नका हो तिथे!"

लेक पुन्हा ओरडली. बापाने हात खाली घेतला, पण बाकावर नीट बसतोय कसला! बोटं परत कानाखालच्या गाठीपाशी गेलीच. नेहमीच्या डॉक्टरांनी "लक्षण बरं दिसत नाही" म्हणून या मोठ्या दवाखान्यात पाठवलं, तेव्हापासून त्याचं धाबं दणाणलं होतं.

त्याचा सगळा जन्म काचेच्या भट्टीपुढे गेला. लांब लोखंडी नळीतून फुंकून बरण्या करायचा. लेकीने नळी मागितली की एकच उत्तर, "हे पोरींचं काम नाही." मागे लागून लागून ती थकली. आणि गाठ आली तशी त्याने आपणहून नळी तिच्या हातात दिली. "शिकून घे बाई. माझं आता काही खरं नाही." तिची पहिली बरणी पार वाकडी आली, तरी तिला हसू आवरेना. बाप मरणाच्या दारात आणि आपण खुशीत! तेव्हापासून तिचा डोळ्याला डोळा लागत नव्हता.

आत बोलावलं. डॉक्टरीणबाईंनी गाठ दाबली, तर बोटाखाली काहीतरी चुरचुरलं. तोंड उघडायला लावून त्यांनी गाल चोळला. आतून नुसता फेस आला, बुडबुडेच बुडबुडे.

"काम काय करता?"

"काच फुंकतो."

"गाल फुगवून? मग लाळेच्या ग्रंथीत हवा शिरलीय, दुसरं काही नाही. महिनाभर फुंकू नका, बसेल आपोआप. पुढे गाल आवळून फुंकत जा."

बाप लहान पोरासारखा रडला. लेकही रडली. बाप वाचला म्हणून रडली, नळी गेली म्हणूनही. मग स्वतःचीच लाज वाटून आणखी थोडी.

महिनाभर तिने फुंकलं. बरण्या सरळ यायला लागल्या आणि बापाचा गाल पूर्ववत सपाट झाला. त्या सकाळी भट्टीवर आल्या आल्या तिने नळी पुसली आणि मुकाट्याने त्याच्यापुढे धरली.

"या उस्ताद!" शेजारचा कारागीर हसला. "झालात ना ठणठणीत?"

बापाने नळीकडे पाहिलं. मग लेकीच्या खाली घातलेल्या मानेकडे. सपाट गालावर तळवा दाबून धरत तो कण्हला.

"कसला ठणठणीत! अजून टम्म फुगलाय. पोरी, तूच फुंक."