गाडी रात्री कुठे असते?

"गाडी रात्री कुठे उभी असते?" शशिकांतकाकांनी फोनवर विचारलं.

अबोलीने फोन दुसऱ्या कानाला लावला. २००६ सालचा जानेवारी. वॉशिंग्टन राज्यात, सिॲटलजवळच्या रेडमंडला येऊन तिला जेमतेम महिना झाला होता. नोकरी मिळाली, जुनी कोरोला होती, पण इन्शुरन्स नव्हता. काका इलिनॉय राज्यातल्या शॉमबर्गमध्ये इन्शुरन्सच विकायचे. तिथल्या मराठी मंडळींच्या निम्म्या गाड्या त्यांच्या पॉलिसीवर धावायच्या. शॉमबर्गमध्ये ती मैत्रिणीकडे, शिवांगीकडे, राहत होती तेव्हाही तिथला पत्ता विचारून स्वस्तातलं कोटेशन त्यांनीच काढून दिलं होतं.

"काका, माझी इलिनॉयची पॉलिसी इथे नाहीच चालणार?"

"अगं, प्रत्येक स्टेटचे रूल वेगळे. मूव्ह झालीस, आता वॉशिंग्टनची घ्यायची. इलिनॉयचा कागद तिथे झीरो. दोन्हीकडचं लायसन्स आहे माझ्याकडे, टेन्शन घेऊ नकोस."

"पत्ता द्यावाच लागेल?"

"रेट त्यावरच ठरतो. खोटा दिलास तर क्लेम रिजेक्ट."

तिने डाव्या मनगटावरून हात फिरवला. तिच्या नवऱ्याने, वेदांतने, ते शिवांगीच्या दारात चिरडलं होतं. हाड मोडल्याचा आवाज आला तरी तो दार आपटतच राहिला. त्यानंतर इलिनॉयच्या कोर्टाने त्याला तिच्या आसपास फिरकायला मनाई केली. कोर्टाबाहेर येऊन तो हसला होता. अजूनही बेल वाजली की ती आधी दाराची साखळी लावायची.

"कोणी मुद्दाम काच फोडली तर?"

"ते कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये येतं, अपघात सोडून बाकीचं नुकसान. थोडे जास्त पडतील."

"चालेल, तेही टाका." मग तिने पत्ता सांगितला, सावकाश, नंबरासकट. "गाडी मागच्या बाजूला असते."

"शहाणी मुलगी. कोणाला दार उघडू नकोस हं," म्हणत काकांनी फोन ठेवला. मग ते समोरच्या खुर्चीकडे वळले.

"मिळाला पत्ता. संसार मोडू नये म्हणून देतोय, वेदांत. जरा समजुतीने घे." काकांना खरंच वाटत होतं की आपण पुण्य करतोय. "पण ती कोर्टाची ऑर्डर?"

"इलिनॉयची आहे, काका. आत्ताच म्हणालात ना, तिथे झीरो."

शनिवारी वेदांत सिॲटलला उतरला. भाड्याची गाडी घेतली आणि वाटेत एका दुकानातून बेसबॉलची बॅट. चार वाजताच अंधारून आलं होतं, पाऊस लागला होता. मागच्या गल्लीने तो आत शिरला, तर कोरोला समोरच.

त्याचं टाळकं सणकलं. पहिल्या फटक्यात पुढची काच गेली, मग दिवे, मग बाजूच्या काचा. "बाहेर ये! दुसराही हात मोडतो तुझा!" काच लागून त्याचा तळवा फाटला, रक्त कोपरापर्यंत ओघळलं, तरी तो हाणतच होता.

इमारतीचं मागचं दार उघडलं. अबोली दारात उभी होती. ती मागे सरली नाही.

"कोर्टाची भीती घालू नकोस," बॅट उगारून तो तिच्याकडे निघाला. "इलिनॉयचा कागद इथे झीरो आहे."

"इन्शुरन्सचा," ती म्हणाली. "कोर्टाची ऑर्डर सगळ्या स्टेट्समध्ये चालते. मी विचारून घेतलंय."

"कोणाला?"

तिच्या मागून दोन पोलिस बाहेर आले. इमारत त्यांचीच होती; काकांना पोलिस स्टेशनचाच पत्ता देऊन अबोली रोज गाडी मागे लावून इथेच येऊन बसत होती.